ओव्हाळांचा दुसरा दिवस

"शनिवारी कोणी येणार नाही," असं सुंदराबाईंनी जाहीर केलं, तेव्हा संजय निमंत्रण सगळ्यांच्या फोनवर पाठवून मोकळा झाला होता.

अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. बावीस नोव्हेंबर नेमकी शनिवारी येत होती. धायरीतलं सभागृह मिळालं होतं, पुण्यानुमोदनासाठी बौद्धाचार्यांना सांगून झालं होतं, केटरर ठरला होता. अण्णांचे दोन फोटोही मोठे करून आणले होते, एक फौजेतला आणि एक पोलिसातला, म्हणजे कुठल्याच बाजूच्या मित्रांना बोलायला जागा नको. खराडीच्या कंपनीत संजय डिलिव्हरी मॅनेजर होता. ठरलेलं काम ठरल्या तारखेला पोचवणं यावरच त्याचं पोट चालत होतं. आणि इथे आई ओट्याशी उभी राहून, लसूण सोलता सोलता, कोणी येणार नाही म्हणून सांगत होती.

"का नाही येणार? तारीख लिहिलीय, वार लिहिलाय, नकाशासुद्धा टाकलाय."

"तेच तर. तारीख लिहिलीस ना, मग लोक तिच्या दुसऱ्या दिवशी येणार. ओव्हाळांचं कार्य आहे म्हटल्यावर!"

"आई, ते अण्णा नोकरीत होते तेव्हाचं. त्यांना रिटायर होऊन वीस वर्षं झाली."

"अण्णा रिटायर झाले. पाहुणे कुठे झालेत?"

नव्या माणसाला हे पटवून देणं अवघड आहे, पण ओव्हाळांच्या घरात कुठलीच गोष्ट तिच्या दिवशी झालेली नव्हती. सुरुवातच तशी झाली. दशरथ ओव्हाळ फौजेत शिपाई असताना त्यांचं लग्न ठरलं, रजा मंजूर झाली, आणि जम्मूहून निघालेली गाडी वाटेत कुठेतरी अडकून पडली. मंगळवारच्या लग्नाला नवरदेव बुधवारी सकाळी काळी ट्रंक खांद्यावर घेऊन उतरला. मुहूर्त ही भानगड छप्पन सालीच घरातून गेलेली, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. मांडव तसाच राहू दिला, स्वयंपाक पुन्हा रांधला आणि पांढऱ्या साडीतल्या सुंदराबाई पुन्हा एकदा नटल्या. आदल्या दिवशीचं जेवण वऱ्हाडानं बसल्या जागी संपवलं होतं, एवढाच काय तो फरक.

पुढे फौज संपली आणि पोलीस आले. मग तर काय, वर्षातला प्रत्येक सण हा अण्णांच्या दृष्टीनं बंदोबस्त. गणपती विसर्जन, एकतीस डिसेंबर, एक जानेवारीला पेरणे फाटा, चौदा एप्रिल. चौदा एप्रिलला सगळी पोलीस लाईन निळ्या झेंड्यांनी भरून जायची, गल्लीतली पोरं बापाच्या खांद्यावर बसून मिरवणुकीला निघायची, आणि अण्णा कुठल्यातरी चौकात दोर धरून उभे असायचे. म्हणून ओव्हाळांची जयंती पंधरा एप्रिलला. वाढदिवस, बारशी, नम्रताचा साखरपुडा, सगळं एक दिवस उशिरा. संजयच्या लग्नात तर हद्द झाली. पत्रिका छापून वाटल्यावर अण्णांना अचानक निवडणुकीचा बंदोबस्त लागला आणि सगळ्यांना फोन करून लग्न एक दिवस पुढे ढकललं. कल्याणीच्या मामाला तेवढा निरोप पोचला नाही. सफारी घालून आलेला मामा रिकाम्या कार्यालयात दिवसभर बसून राहिला, आणि आजही ओव्हाळांचा विषय निघाला की तो उठून पाणी प्यायला जातो. तेव्हापासून नातलगांनी धडाच घेतला. ओव्हाळांच्या पत्रिकेवरच्या तारखेला ते 'बंदोबस्ताची तारीख' म्हणत आणि दुसऱ्या दिवशी बिनघोर येत.

"ते काही नाही," संजय म्हणाला. "अण्णा बावीसला गेले. बावीसलाच होणार."

"आपल्यात मुहूर्त असतो का रे? मग या तारखेला कवटाळून का बसलायस?"

आईला कारण ठाऊक नव्हतं अशातला भाग नव्हता. गेल्या वर्षी बावीसला संजय कंपनीच्या कामासाठी जर्मनीत होता. विमान, दुसरं विमान, मुंबईहून टॅक्सी, असं करत तो तेवीसच्या दुपारी पोचला आणि तोवर अण्णांना तसंच ठेवलं होतं. वर्षभर त्याला ते टोचत होतं. लहानपणापासून एका माणसावर तो याच कारणासाठी रुसून होता, आणि शेवटी त्यानंही तेच केलं होतं. निदान या वर्षी तरी, निदान एकदा तरी, बापासाठी काहीतरी त्या दिवशी व्हावं आणि आपण त्या दिवशी तिथं असावं, एवढंच त्याला हवं होतं.

घरात दोन पक्ष पडायला वेळ लागला नाही. लोणी काळभोरहून नम्रतानं फोनवरच आईच्या बाजूनं मत टाकलं. "दादा, मी शनिवारी येते रे, पण आमच्याकडचे सगळे रविवारीच म्हणतायत. सुदर्शननं रविवारचीच गाडी सांगितलीय." सुदर्शन म्हणजे तिचा नवरा, म्हणजे संजयचा सख्खा मेहुणा. तोही फितूर. संजयच्या बाजूनं फक्त निकिता होती, त्याची मुलगी. "बाबा, तुम्ही कॅलेंडर इन्व्हाइट पाठवा ना, रिमाइंडर लावून. लोक सिरियसली घेतात." त्यानं तेही पाठवलं. लोणीच्या एका आत्याकडून उलट अंगठा आला, तो संमतीचा असावा असं निकितानं ठरवलं.

कल्याणी दोन्हीकडे नव्हती. ती म्हणाली, "मला माझा मामा आठवतो. मी बोलत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी संजय पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर आई मोठ्या पातेल्यात मटकी भिजत घालत होती.

"एवढी कशाला? केटरर आहे ना उद्या?"

"असू दे. उद्या रात्री बांधली की परवा मोड येतील," सुंदराबाई म्हणाल्या.

कल्याणीनं मान खाली घालून हसू दाबलं. संजयच्या ते लक्षात आलं, पण त्यानं ते लक्षात आलं नाही असं स्वतःला सांगितलं.

शनिवारी सभागृह असं सजलं होतं की बघत राहावं. बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, खाली अण्णांचे दोन्ही फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं, आणि पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा. त्या खुर्च्यांवर घरचे सोडले तर एवढीच माणसं बसली होती: कल्याणीचा भाऊ, सोसायटीचे सेक्रेटरी, शेजारचं एक जोडपं आणि खराडीहून आलेली ऑफिसातली तीन पोरं. ऑफिसातल्या पोरांना काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून ती दर थोड्या वेळानं उभी राहत होती.

"येतील हळूहळू," संजय बौद्धाचार्यांना म्हणाला. "सिंहगड रोडला ट्रॅफिक फार."

बौद्धाचार्य सज्जन माणूस. त्यांनी थोडा वेळ थांबून, मग आणखी थोडा वेळ थांबून, हळूच विचारलं, "ओव्हाळसाहेब, कार्यक्रम आजच आहे ना? नाही, मला घरून निघताना मिसेस म्हणाली, ओव्हाळांकडचं उद्या असेल, विचारून जा."

मागच्या रांगेत निकिताला हसू फुटलं आणि तिनं ते खोकल्यात ढकललं.

त्रिसरण-पंचशील झालं. संजय बोलायला उभा राहिला. आठवडाभर बसून त्यानं भाषण तयार केलं होतं. फौजेतली वर्षं, बर्फातली ठाणी, मग पोलिसातली वर्षं, शिस्त, सचोटी. त्यानं ते सगळं रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं. 'कर्तव्यापुढे त्यांनी घरदार पाहिलं नाही' या वाक्यावर आवाज आपोआप कडक झाला, आणि ते कौतुक आहे की तक्रार हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आई पहिल्या रांगेत पदर सावरून नीट बसली होती, शाळेच्या गॅदरिंगला बसावं तशी. तिनं एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' असा चेहरा केला नाही. त्यामुळे तर संजयला जास्तच राग आला.

जेवणं झाली ती केटररच्या वाढप्यांची आणि ऑफिसातल्या पोरांची. उरलेलं सगळं जवळच्या वसतिगृहात पाठवून दिलं. संध्याकाळी घरी आल्यावर तो कल्याणीला म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. दोन-दोन गणवेष घातले. आणि आठवायला सोसायटीचा सेक्रेटरी."

"अहो, उद्या बघा की."

"उद्या काही नाहीये, कल्याणी. उद्याचं मी काही ठेवलेलं नाही."

"तुम्ही नाही ठेवलेलं," कल्याणी म्हणाली, आणि मटकी फडक्यात बांधायला सासूच्या मदतीला गेली.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास वॉचमनचा इंटरकॉम आला. "साहेब, आपल्याकडे पाहुणे आहेत. पाठवू का? बरेच आहेत साहेब. पार्किंगमध्ये रांग लावून उभे आहेत."

संजय गॅलरीत आला. खाली खरोखरच रांग होती. पांढरे शर्ट, पांढऱ्या टोप्या, काठ्या, गुडघ्यांचे पट्टे. पुणे शहर पोलिसांतली एके काळची सगळी फळी वयानुसार वाकून उभी होती आणि एक जण पुढे उभा राहून बाकीच्यांना सरळ करत होता. त्यांच्या मागे लोणीकडचे पाहुणे, आत्या, मावशा, पोलीस लाईनीतल्या जुन्या शेजारणी, आणि सगळ्यात शेवटी शांतपणे गाडी लावत असलेला मेहुणा सुदर्शन.

"बघितलंस?" सुंदराबाई मागून म्हणाल्या. आनंद असा की आवाजात लपत नव्हता. "जा, दार उघड. निकिता, चटया घे गं."

घर भरलं. बैठकीच्या खोलीत जागा उरली नाही तेव्हा लोक जिन्यात बसले. जिना भरला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी, "आवाज जरा कमी असता तर आम्हीही दार उघडं ठेवलं असतं," असं सांगून दार उघडं ठेवलं आणि दोन सतरंज्याही दिल्या. बौद्धाचार्य काल सांगून ठेवल्यासारखे आज पुन्हा आले, या वेळी मिसेसना घेऊन. कोणालाच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. संजय आपल्याच घरात पाहुण्यासारखा दाराशी उभा होता.

वंदना झाल्यावर भाषण वगैरे कोणी केलंच नाही. गप्पाच सुरू झाल्या. लोणी काळभोरचे उत्तरेश्वर काका, हवालदार म्हणून निवृत्त झालेले, अण्णांचे चौकीतले जोडीदार, फोटोंच्या जवळ मांडी घालून बसले होते. खाली रांग सरळ करणारे तेच.

"आमी त्याला फौजीच म्हनायचो," ते म्हणाले. "आल्या आल्या पयल्या दिवशी चौकीतल्या खाटांवरच्या चादरी ताणून घातल्या गड्यानं. आमी म्हटलं, हे काय? तर म्हनला, फौजेत सुरकुती पडली की शिक्षा. त्या दिवसापास्नं आमी खाली सतरंजीवर झोपायला लागलो. चादर कोन ताणनार?"

सगळे हसले. जिन्यातून कोणी विचारलं, "आणि ती विसर्जनाची म्हैस?" मग म्हशीची गोष्ट झाली, मिरवणुकीत घुसलेली म्हैस अण्णांनी 'दाहिने मूड' असा हुकूम देऊन कशी वळवली, आणि म्हैस खरोखर वळली की तिला पेंड दिसली यावर दोन निवृत्त जमादारांचं भांडण झालं. संजयसुद्धा हसला. कालच्या भाषणात म्हैस नव्हती.

"पन मानूस दिलदार," उत्तरेश्वर काका म्हणाले. "माझी येक बी दिवाळी बुडली न्हाई त्याच्यामुळं. दर साली म्हनायचा, उत्तरेश्वर, तू घरी जा, तुझ्या जागी मी हुबा ऱ्हातो. इथं बसलेल्या कुनालाबी इचारा. कुनाची दिवाळी, कुनाची ईद, कुनाच्या पोरीचं लगीन. समद्यांचा बंदोबस्त फौजीनं अंगावर घेतलाय. फौजेत बी त्यांचा असाच नेम व्हता म्हनं. ज्याचं घर लांब त्यानं आधी रजा घ्यायची."

"खरंय," जिन्यातून आवाज आले.

"बरं, आमी बी काय हरामखोर न्हवतो. चौदा एप्रिल आली की आमी म्हनायचो, फौजी, आज तुझी जयंती हाय, आज तू घरी जा, आमी करतो तुझी ड्युटी. सायब बी तयार व्हायचे. तर ह्यो गडी ऐकंल तर शपथ! हातात दोर घेऊन आमच्या आधी चौकात हजर."

लोक कौतुकानं माना हलवत होते. संजयचं हसू मात्र तोंडावरच थांबलं.

"म्हणजे त्यांना सुट्टी मिळत होती?" त्यानं विचारलं.

"मिळत न्हवती म्हंजे? आमी देतच व्हतो की."

"चौदा एप्रिलला?"

"दर साली."

संजय उठला. माणसांच्या पायांतून वाट काढत तो स्वयंपाकघरात गेला. आई उसळीला फोडणी देत होती, नम्रता भाकरी थापत होती आणि कल्याणी ताटल्या पुसत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"अण्णांना चौदा एप्रिलला घरी येता येत होतं. लोक हातापाया पडत होते घरी जा म्हणून, आणि ते गेले नाहीत. मी लाईनीच्या पायऱ्यांवर बसून राहायचो. सगळ्या पोरांचे बाप असायचे. मला वाटायचं, त्यांना सोडत नाहीत. चाळीस वर्षं मी हेच धरून बसलो, की त्यांचा नाइलाज होता. आणि ते स्वतःहून जात होते? परक्यांना सण देत होते?" त्याचा आवाज बाहेर जाईल इतका चढला होता. "म्हशीच्या गोष्टी सांगतायत. दिलदार म्हणे!"

"दादा, हळू," नम्रता म्हणाली.

"दिलदार कसले?" सुंदराबाई म्हणाल्या. "पक्के हिशोबी होते."

त्यांनी गॅस बारीक केला, कढईवर झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"तू सहा वर्षांचा होतास. लाईनीत राहायला येऊन आपल्याला वर्षही झालं नव्हतं. तुझ्या अण्णांनी त्या साली चौदा एप्रिलची सुट्टी मंजूर करून घेतली होती. तुला पांढरा शर्ट शिवला होता. तुला खांद्यावर बसवून फाटकापर्यंत गेले, आणि तिथंच जीप आली. कुठेतरी दगडफेक झाली होती, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. तुला खांद्यावरनं उतरवून माझ्या हातात दिलं आणि गेले. तू माझा हात सोडवून जीपमागे पळालास. पार मोठ्या रस्त्यावर. ट्रकवाल्यानं कसा ब्रेक मारला त्यालाच माहीत. अण्णांनी जीपमधून ते बघितलं."

"मला आठवत नाही," संजय म्हणाला.

"नाहीच आठवणार. तापानं फणफणला होतास. ताप उतरला तर त्यांच्याशी बोलेनास. त्यांनी हाय खाल्ली रे त्याची. फौजेत बर्फात राहिलेला माणूस, मोरीत तोंडावर पाणी मारत रडत होता, मला कळू नये म्हणून." सुंदराबाईंचाही आवाज भरून आला आणि त्यांनी तो भरू दिला. "मग त्यांनी ठरवलं. सणाच्या दिवशीची सुट्टी केव्हाही मोडते. ताटावरनं उठवून नेतात. पण ज्यानं रात्रभर बंदोबस्त केलाय, त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या सुट्टीला साहेबसुद्धा हात लावत नाही. म्हणून ते प्रत्येकाचा बंदोबस्त अंगावर घ्यायचे आणि बदल्यात दुसरा दिवस मागून घ्यायचे. म्हणायचे, पोराला देईन तर असा दिवस देईन, की ज्यातून मला कोणी उचलून नेणार नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"लहान होतास तेव्हा काय सांगायचं? तू ट्रकखाली सापडला असतास, हे? आणि मोठा झाल्यावर तू विचारलंस कुठे? तू रुसलास." सुंदराबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "आणि गेल्या साली तू तेवीसला आलास, त्याचं मनाला लावून घेतलंयस ते कळत नाही का मला? अरे, या घरात वाट बघायची सवय आहे सगळ्यांना. त्यांनाही होती."

कल्याणीनं ताटली हातात धरूनच नवऱ्याकडे पाहिलं. संजय ओट्याला टेकून उभा होता आणि रडत होता, पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत.

चौदा एप्रिल त्याला पायऱ्यांसकट पाठ होत्या. पंधरा एप्रिल त्यानं कधी काढूनच बघितल्या नव्हत्या. आता बघितलं तर सगळ्या तिथंच होत्या. दुपारपर्यंत घोरत पडलेले अण्णा. मग घमेल्यात मिठाचं गरम पाणी घेऊन सुजलेले पाय बुडवून बसलेले अण्णा, आणि त्याच घमेल्यात आपलेही पाय घालणारा तो आणि नम्रता. संध्याकाळी मांडववाले मांडव सोडायला यायचे, त्यांच्याशी गोड बोलून अण्णा थोडा वेळ मागून घ्यायचे आणि रिकाम्या स्टेजवर दोघा पोरांना खुर्च्यांत बसवून स्वतः समोर एकटे टाळ्या वाजवायचे. संभाजी बागेत गर्दी ओसरलेली असायची, हव्या त्या झोक्यावर हवा तितका वेळ बसायला मिळायचं. आणि मग जेवण. जेवताना अण्णांची पाठ दाराकडे असायची. बाहेर गाडी वाजली तरी ते मान वळवत नसत. एकाही पंधरा एप्रिलला ते ताटावरून उठून गेले नव्हते.

"दादा," नम्रता म्हणाली, "भाकरी करपायला लागली. तू रड, पण बाजूला सरकून रड."

तो सरकला, आणि रडता रडता हसला.

पंगती सुरू झाल्या. संजयनं स्वतः वाढायला घेतलं. उत्तरेश्वर काकांना दुसऱ्यांदा उसळ वाढताना ते म्हणाले, "संजय, मघाशी मी काय वावगं बोललो का रं?"

"नाही काका. तुम्ही म्हशीचं पुन्हा सांगा. निकितानं नीट ऐकलं नाही."

"मी ऐकलंय," निकिता म्हणाली. "मी रेकॉर्ड करते, थांबा."

म्हैस पुन्हा वळत होती तेवढ्यात दाराची बेल वाजली. एवढं दार उघडं असताना बेल वाजवणारा कोण, म्हणून संजय उसळीचं पातेलं घेऊनच बाहेर आला. दारात एक उंच म्हातारा उभा होता. अंगात बंद गळ्याचा कोट, छातीवर पदकांची पट्टी, खांद्याला एसटीच्या प्रवासात चुरगळलेली पिशवी. पाठ मात्र ताठ.

"जय भीम. मी बद्रीनाथ, जालन्याहून आलो. दशरथ आन् मी एका पलटणीत होतो." त्यांच्या हातात फोन होता आणि चेहरा पार उतरला होता. "बेटा, रात्री गाडीत बसवताना नातवानं ह्यातला पत्ता तेवढा वाचून दाखवला. मी आपला त्याच्या जुन्या सवयीनं निघालो हो. तो नेहमी दुसऱ्या दिवशीचंच बोलवायचा मला. आता बघतो तर ह्याच्यावर कालची तारीख आहे. एवढ्या लांबून येऊन मी दशरथचाच दिवस चुकलो."

संजयनं पातेलं जिन्याच्या कठड्यावर ठेवलं आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"नाही काका, ती तारीख माझी चुकली," तो म्हणाला. "अण्णांचा दिवस आजच आहे. या, पान वाढलंय."